बारावा खण

१

मुलुंडच्या क्लासमधली मुलं मला पाठीमागे ‘फौजदारीण’ म्हणतात. मला ठाऊक आहे आणि राग अजिबात येत नाही, उलट बरंच वाटतं. कुणाचाही प्रोग्रॅम घ्या, कागदावरचा असो की पडद्यावरचा, त्यातली चूक मला दिसते. शोधावी लागत नाही, दिसते. आईला तांदळातला खडा दिसतो ना, तशी. घाटकोपर ते मुलुंड ह्या पट्ट्यात सी भाषा माझ्यापेक्षा चांगली कुणाला येत असेल तर त्याने समोर यावं, मी स्वतःच्या पैशाने चहा पाजीन.

माझी एकच सवय मुलांना कळत नाही. फळ्यावर आकड्यांसाठी खण मांडायचे असले की मी एक खण जास्तीचा ठेवते. पाच आकडे असतील तर सहा खण. एखादा हुशार मुलगा विचारतोच, “मॅडम, सहावा कशाला? जागा फुकट जाते ना.” मी म्हणते, “जाऊ दे. तुझ्या घरची जागा आहे का?” मुलं हसतात आणि विषय संपतो.

ही हकीकत गेल्या वर्षीची, अठ्ठ्याऐंशी सालची. तेव्हा मी घाटकोपरला चंद्रप्रकाश सरांच्या क्लासमध्ये शिकवत होते आणि माझी धाकटी बहीण प्रेमा तिथेच, दुपारच्या मुलींच्या बॅचमध्ये, माझ्याच हाताखाली शिकत होती. संपात बाबांची कापडगिरणीतली नोकरी गेली, तेव्हापासून ते एका सोसायटीत पाण्याचा पंप सांभाळायचे. पण मान अशी ताठ, की सोसायटीच जणू त्यांनी बांधली. भटवाडीतल्या आमच्या चाळीत कोणीही भेटलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असायचं.

“माका दोनच चेडवां, पण चार झिलांक भारी!”

दोनच मुली, पण चार मुलग्यांना भारी. लाज वाटायची तेव्हा. तरी ते म्हणाले नाहीत, तर दिवस सुना जायचा.

२

क्लास होता एका पिठाच्या गिरणीच्या वर. खाली गिरणी चालू झाली की वरची फरशी तळव्यांना गुणगुणायची. पिठाची धूळ जिन्यावर, कठड्यावर, दिव्यांवर, सगळीकडे बसायची, आणि सरांना त्या धुळीची भयंकर धास्ती. कॉम्प्युटर तीनच होते, कर्जावर घेतलेले. सरांनी खोलीला जाड पडदे लावले, थंड हवेचं मशीन बसवलं आणि कडक नियम केला, की चपला दाराबाहेर काढायच्या, ओल्या पायपुसण्यावर पाय पुसायचे आणि मगच आत यायचं. एवढी शिस्त आमच्या गावच्या देवळातही कोणी पाळत नाही. दसऱ्याला मशिनींना हार घातले, पण उदबत्ती मात्र सरांनी जिन्यात लावायला लावली, धुराने फ्लॉपी बिघडेल म्हणून.

दाराबाहेर चपलांची रांग लागायची. आत शिरताना काढलेल्या, म्हणून सगळ्यांची तोंडं खोलीकडे. प्रेमाच्या चपला ओळखू यायच्या. इवलुशा होत्या, आणि डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता त्याला तिने सेफ्टीपिन लावली होती.

सरांनी दिवाळीनंतर पालकांना बोलावून कार्यक्रम करायचं ठरवलं. मुलुंडला नवी शाखा उघडायची होती. ते म्हणाले, “पालकांना कळेल असा एक प्रोग्रॅम करून दाखवा. जिचा बिनचूक चालेल, तिला मुलुंडला सुलक्षणाबरोबर शिकवायला घेतो. पगारावर.”

सुलक्षणा म्हणजे मी, आणि मी त्याच क्षणी ठरवलं, प्रेमाच. सख्ख्या बहिणी, एका क्लासच्या दोघी मॅडम. बाबांना त्यांच्या वाक्याला जोडायला आणखी एक वाक्य मिळालं असतं.

प्रेमाने विषय छान निवडला. बॅचमधल्या बारा मुलींची उंची मोजायची, एकेक आकडा मशीनमध्ये घालायचा आणि मशीनने सरासरी सांगायची. सरांनी दाराच्या चौकटीवर सेंटिमीटरच्या रेघा आखून दिल्या. प्रोग्रॅम लिहून झाला, मुली एकेक करून चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, स्वतःचा आकडा स्वतः टाइप करून गेल्या, आणि हिरव्या अक्षरांत उत्तर आलं.

सरासरी १६७.

आमच्यातली सगळ्यात उंच मीरा. ती एकशे एकसष्ट. प्रेमा सगळ्यात बुटकी, एकशे चव्वेचाळीस. बारा जणींची सरासरी सगळ्यात उंच मुलीहूनही उंच निघाली होती.

“मशीनच्या डोळ्यात आपण सगळ्या ताडमाड दिसतो वाटतं,” मीरा म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. प्रेमाचा चेहरा मात्र पडला.

“वाट लागली ना ताई?”

“वाट कसली लागतेय! सरक बघू,” मी म्हणाले आणि तिच्या खुर्चीवर बसले.

३

चूक मला बसता बसता दिसली. नवशिक्यांची नेहमीचीच चूक. सी मध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते. शून्य ते अकरा असे बारा खण होतात. प्रेमाने मशीनला सांगितलं होतं ‘बारापर्यंत जा’, म्हणजे ते तेराव्यांदाही पुढे गेलं आणि तिथे जे पडलं होतं ते बेरजेत ओढून घेऊन आलं. मशीनच्या पोटात आधीच्या कामाचं काही ना काही उरलेलं असतंच. आम्ही त्याला कचरा म्हणतो.

मुलींना दाखवावं म्हणून मी एकेक आकडा पडद्यावर छापून घेतला. बारा ओळखीचे आकडे आले. त्यांच्याखाली तेरावा, १७१.

इथे मी क्षणभर थांबले. कचरा असा नसतो. कचरा म्हणजे उणे अठ्ठावीस हजार काहीतरी, नाहीतर सरळ शून्य. हा माणसाच्या उंचीचा आकडा होता. पुन्हा चालवून पाहिलं. १७१. मशीन बंद करून, सुरू करून, फ्लॉपी पुन्हा घालून पाहिलं. १७१.

“योगायोग,” मी जाहीर केलं. योगायोगही आकडेच असतात, त्यांना घाबरायचं नसतं. मी ‘बारापर्यंत’चं ‘बाराच्या आत’ केलं. तेरावा आकडा गेला, सरासरी आली १५३, आणि कागदावर करून पाहिली तीही तीच. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या आवडतात, खोटं कशाला बोलू.

क्लास सुटला. सगळ्यांच्या मागून मी बाहेर आले तर मीरा रांगेपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

“मॅडम, ह्या कोणाच्या?”

रांगेच्या शेवटी, प्रेमाच्या चपलांना लागून, एक जोड होता. मोठ्या, जुन्या कातडी वहाणा. त्यांच्यावर पिठाचा पांढरा थर होता. मला वाटलं, खालच्या गिरणीतल्या कोणाच्या तरी असतील. पण उरलेल्या आमच्या चपलांची तोंडं खोलीकडे होती आणि ह्या वहाणांची जिन्याकडे. बाहेर पडताना पायात सरकवायच्या म्हणून कोणीतरी आतून येऊन नीट लावून ठेवाव्यात, तशा.

“आत कोणी राहिलंय का?” मीराने विचारलं.

आत कोणी नव्हतं. पडदा सारून मी स्वतः पाहिलं. थंड हवेचं मशीनही मी मघाशीच बंद केलं होतं, तरी खोली गार होती.

४

दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घेतली. माझा हात फिरलेला प्रोग्रॅम, म्हणून मी निर्धास्त होते. उत्तर आलं १५५.

जास्त. थोडंसंच, पण जास्त. मी आकडे छापले. बाराच होते. अकरा बरोबर. बाराव्या खणात, जिथे प्रेमाचे एकशे चव्वेचाळीस हवे होते, तिथे १७१.

“चुकीचं दाबलंस.”

“नाही गं ताई. शप्पथ.”

“मग पुन्हा टाक. माझ्यासमोर.”

मी तिच्या बोटांवर नजर ठेवून उभी राहिले. एक, चार, चार, एंटर. पडद्यावरही १४४ उमटलं, मी डोळ्यांनी पाहिलं. मग छापलेल्या यादीत बारावा आकडा, १७१.

खाली गिरणी चालू होती. तळव्यांखाली फरशी गुणगुणत होती. प्रेमा माझ्याकडे बघत होती आणि मला तिचं ते बघणं नको झालं, कारण मला चूक दिसत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी जाऊन मी प्रोग्रॅमचा छापील कागद जमिनीवर पसरला आणि एकेक ओळ बोटाने वाचली. आई चहा घेऊन आली. माझा कप ठेवला, बाबांचा ठेवला, आणि ती परत आत गेली.

“आई, माझा?” प्रेमा म्हणाली.

आई पुन्हा बाहेर आली. “अगो, खरांच की! तुका विसारलंय मी.” आणि ती हसली. आम्हीही हसलो.

तेवढ्यात मला चूक सापडली आणि मी ओरडलेच. प्रेमाने अगदी वर, सुरुवातीलाच, खणांची संख्या लिहिली होती ती अकरा. शेवटचा आकडा अकरा म्हणजे खणही अकरा, असा तिचा हिशेब. शून्याचा खण ती विसरली होती. सी भाषा अशा वेळी तोंडातून ब्र काढत नाही. मुकाट्याने बारावा आकडा घेते आणि मिळेल तिथे, दुसऱ्या कुणाच्या जागेत, ठेवून देते.

“बघ,” मी तिला म्हणाले, “तू अकरा जणींना जागा दिलीस आणि स्वतःलाच दिली नाहीस. तुझा आकडा उघड्यावर पडला होता, वेडे. कोणीही त्यावर येऊन बसेल.”

मी हे हसत हसत म्हणाले होते. मला चूक सापडल्याचा एवढा आनंद झाला होता, की प्रेमा हसली नाही हे मला नंतर आठवलं.

५

बारा खण केले. प्रोग्रॅम आता आरशासारखा स्वच्छ. मुलींना उभं केलं, आकडे घातले.

बारावा, १७१.

मी खुर्चीवरून उठले आणि दाराच्या चौकटीपाशी गेले, का ते मलाही सांगता आलं नसतं. इतक्या दिवसांच्या मोजण्याने चौकटीवर मुलींच्या डोक्याच्या तेलाचे डाग पडले होते. खाली प्रेमाचा, वर मीराचा, मध्ये बाकीच्यांचे. मीराच्या डागाच्या वर, रेघा मोजल्या तर बरोबर एकशे एकाहत्तरवर, आणखी एक डाग होता. तो तेलाचा नव्हता. पांढरा होता. मी बोट लावलं, बोटाला पीठ लागलं.

“पीठ सगळीकडेच असतं,” मी मुलींना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात बारीकसारीक गोष्टी झाल्या. सरांनी हजेरी घेताना प्रेमाचं नाव सोडलं. तिने हात वर केला तेव्हा ते ओशाळले. मीरा येऊन सरळ प्रेमाच्या खुर्चीवर बसली, प्रेमा तिथे बसलेली असताना. किंचाळून उठली आणि म्हणाली, “सॉरी यार, दिसलीच नाहीस!” मुलींना ते विनोदी वाटलं. बसमध्ये कंडक्टरने दोघींत एकच तिकीट फाडलं. दरवेळी काहीतरी साधं कारण असायचं आणि मी ते लगेच शोधून काढायचे. ती मुळात बुटकी, अबोल, तिचा आवाज खाली गेलेला. कारण शोधण्यात माझा हात कोण धरणार?

वहाणांचा जोड रोज दाराबाहेर असायचा. मी खालच्या गिरणीत विचारून आले. तिथला माणूस म्हणाला, “आमच्याकडे वर कोण जातच नाय, ताई.” जिन्यावर रोज पिठाचा थर बसायचा आणि त्यात आमच्या येण्याजाण्याचे ठसे उमटायचे. त्या मोठ्या वहाणांचा ठसा मी वर येतानाही शोधला, खाली उतरतानाही. नव्हता.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी प्रेमा म्हणाली, “ताई, आज मी करते दुरुस्त. तू फक्त बघ.”

तिने खण तेरा केले.

मुलींना उभं केलं. आकडे घातले. छापले. बाराव्या खणात १४४. तिचा आकडा, तिच्या जागी. आणि त्याखाली, तेराव्यात, १७१. थंड हवेच्या मशीनचा घरघराट एकदम मऊ झाल्यासारखा वाटला. त्याच मिनिटाला सर दारातून डोकावून म्हणाले, “काय प्रेमा, तयारी झाली का?” आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव आपणहून घेतलं होतं.

“बघ, त्याला जागा दिली की तो माझ्या जागेत येत नाही,” प्रेमा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “असू दे ना तेरावा. बसू दे.”

“त्याला? कोणाला?”

तिने पडद्यावरच्या तेराव्या आकड्यावर बोट ठेवलं.

“आणि सरासरी? एकशे सदुसष्ट? उद्या पालकांसमोर सर कागदावर सरासरी काढणार आहेत. मशीनचं उत्तर जुळलं नाही तर? बाबा येणार आहेत, प्रेमा. अख्ख्या चाळीला सांगून ठेवलंय त्यांनी.”

“मग बेरीज बाराचीच करू या. खण तेरा ठेवू, मोजू बारा.”

आता सांगते, ती वाट बरोबर होती. चालली असती. ज्या खणात काही घालायचं नाही तो ठेवायला सी भाषेची हरकत नसते. हरकत होती माझी. बारा मुली, तेरा खण, असा गबाळा प्रोग्रॅम माझ्या नावावर, माझ्या बहिणीच्या नावावर, पालकांसमोर? एखाद्याने कागद मागून पाहिला असता तर?

“बारा म्हणजे बारा,” मी म्हणाले. “जास्तीचं काही नको. मी बघते.”

मी तिच्या हातातून कीबोर्ड घेतला, तेराचे बारा केले आणि चालवून पाहिलं; ह्या वेळी बाराव्यात १४४च राहिलं. प्रेमा काही म्हणाली का, मला ऐकू आलं नाही.

६

कार्यक्रमाला खोली भरून गेली. पालक भिंतींना टेकून उभे. बाबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत, आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थाला सांगताहेत, “थंयसर उभी ती मोठी, नि मशिनीर बसली ती धाकटी.” माझी मान आपोआप ताठ झाली. बाहेर चपलांचा एवढा ढीग होता की त्यात ओळखीचं काही शोधणं शक्यच नव्हतं, आणि त्याचंही मला बरं वाटलं.

मांडणी अशी होती. मुलगी चौकटीला टेकून उभी राहणार, सर डोक्यावर पट्टी आडवी धरून मोठ्याने आकडा सांगणार आणि स्वतः कागदावर लिहिणार, प्रेमा मशीनमध्ये घालणार. शेवटी प्रेमा स्वतः जाऊन उभी राहणार, तेव्हा तिच्या जागी मी बसणार.

मीरा, एकशे एकसष्ट. मग कमल, मग बाकीच्या. प्रेमाची बोटं सराईतपणे चालत होती. मला तिचा काय अभिमान वाटत होता! दोन वर्षांपूर्वी इंग्रजी अक्षर बघून घाबरणारी माझी बहीण. अकरावा आकडा घालून ती उठली. माझ्या हाताला तिचा हात लागला. थंडगार होता.

“ताई, तू मागे बघशील ना?” ती हळूच म्हणाली.

“बघते. जा लवकर.”

मी खुर्चीवर बसले. दार माझ्या पाठीशी होतं. पडद्यावर बाराव्या आकड्याची मागणी उभी होती आणि तिच्यापुढे ती हिरवी रेघ लुकलुकत होती. खालची गिरणी थांबली. ती थांबेपर्यंत ती चालू आहे हेही लक्षात नव्हतं. फरशी एकदम मेल्यासारखी झाली.

पट्टी लाकडावर टेकल्याचा आवाज आला.

“एकशे एकाहत्तर,” सर म्हणाले.

कोणी हसलं नाही. कोणी दचकलं नाही. सरांचा आवाजही नेहमीचाच, मोठा आणि थोडा खुशीतला.

पडद्याच्या काळ्या काचेत माझ्या मागची खोली दिसत होती. ट्यूबलाइट, पालकांची डोकी, बाबांचा पांढरा सदरा. आणि दाराची चौकट. तिथे सर पट्टी धरून उभे होते. सर तसे ठेंगणेच, त्यांचा हात त्यांच्या स्वतःच्या डोक्याच्या वर गेलेला होता. हाताखाली कोणीतरी उभं होतं. पांढरं. खांदे पांढरे, पाय पांढरे, टाचा चौकटीला नीट चिकटवलेल्या, मोजताना मुली चिकटवतात तशा. चेहऱ्याच्या जागी काचेत माझीच हिरवी अक्षरं आली होती. आणि त्याच्या कमरेच्या उंचीवर, चौकटीच्या बाहेर, जिन्याच्या अंधारात, एक छोटा हात दाराची कड धरून होता.

तो हात मी ओळखला.

मागे वळायला हवं होतं. पण समोर मागणी उभी होती. १४४ घातलं असतं तर उत्तर आलं असतं १५३, आणि सरांच्या कागदावर असणार होतं १५५. सगळ्यांसमोर, बाबांसमोर, प्रेमाचा प्रोग्रॅम चुकला असता. चूक मला सहन होत नाही. तिच्यासाठीच तर होतं सगळं. जे मोजलं तेच घालायचं, हाच नियम आहे, आणि तो मीच सगळ्यांना शिकवला होता.

मी एक, सात, एक दाबलं आणि एंटर.

सरासरी १५५.

“जुळलं!” सर कागद उंचावून म्हणाले आणि खोली टाळ्यांनी भरली. मी वळले. चौकट रिकामी होती. मुली घोळका करून उभ्या होत्या, एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. दोन्ही वेळा अकरा.

“सर, प्रेमा?”

सर हसत माझ्याकडे बघत राहिले, कोणाबद्दल विचारतेय ते आठवत असल्यासारखे. “कमाल केलीस, सुलक्षणा,” ते म्हणाले. “इतका बिनचूक प्रोग्रॅम आपल्या क्लासमध्ये आजवर झालेला नाही. मुलुंड तुझं. एकटीने सांभाळशील ना?”

७

सगळे गेल्यावर दाराबाहेर माझ्या चपलांखेरीज एकच जोड उरला. इवलुशा चपला, डाव्या पट्ट्याला सेफ्टीपिन. तोंडं खोलीकडे. त्यांच्या शेजारची ती मोठ्या वहाणांची जागा पिठात कोरून ठेवल्यासारखी स्वच्छ होती, आणि तिथून जिन्याच्या प्रत्येक पायरीवर खाली जाणारा एकेक मोठा ठसा उमटला होता. अगदी सावकाश, ऐटीत उतरत गेलेला.

मी जिन्यात तिला हाका मारल्या. आत येऊन मारल्या. मग तीन मशिनी पुन्हा चालू केल्या आणि खण तेरा केले, पंधरा केले, वीस केले. सगळे आकडे छापून पाहिले. शून्य, शून्य, उणे अठ्ठावीस हजार. नुसता कचरा.

चपला हातात घेऊन घरी आले तेव्हा बाबा चाळीच्या पायरीवर शेजारच्या दादूकाकांना कार्यक्रमाची हकीकत सांगत बसले होते. मला बघताच उठून उभे राहिले. इतके खूष मी त्यांना गिरणी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली.

“ह्यो व्हाणो कोणाच्यो गो?”

आई दारात आली होती, तिच्याकडे मी पाहिलं. ती कौतुकाने हसत होती, तिच्या हातात साखरेची वाटी होती. तिच्या मागे घर दिसत होतं. खुंटीवर माझीच ओढणी, दोरीवर माझेच कपडे.

बाबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “बघलंस दादू? माका एकच चेडू, पण चार झिलांक भारी!”

मी वाकले आणि त्या चपला आमच्या उंबऱ्याबाहेर ठेवल्या, तोंडं आतल्या बाजूला करून. अजून तिथेच आहेत. आई रोज झाडताना उचलते आणि मी रोज परत लावून ठेवते.